भिंतीवरचे, कुंपणावरचे, कातळावरचे

मार्च संपत आला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. बहुतेक हललेले, लांबून काढलेले. कुंडीच्या कडेला काहीतरी लांबट तपकिरी, ट्यूबलाइटच्या शेजारी काहीतरी फिकट, बांधावरच्या दगडावर मान उंचावून बसलेलं काहीतरी. खाली प्रश्न ठरलेला: ‘हे काय आहे गं? विषारी आहे का?’

चार पाय दिसले की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देऊन टाकते. नाही. आपल्याकडची एकही पाल, सरडा किंवा सापसुरळी विषारी नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागतो, कारण त्याचं उत्तर फोटोत क्वचितच पुरेसं असतं. मग मी उलट विचारत बसते. कुठे दिसलं? किती वाजता? उभ्या भिंतीवर होतं की जमिनीवर? पळालं तर कुठे पळालं, वर चढलं, पाल्यात शिरलं की दगडाखाली? समोरच्याला वाटतं, साधं नाव विचारलं तर ही चौकशी कसली! पण या छोट्या सरपटणाऱ्यांच्या बाबतीत जागा आणि वेळ कळली की अर्धी ओळख तिथेच पटते. प्रत्येकाचं घर ठरलेलं, प्रत्येकाची वेळ ठरलेली. सापसुरळी तुम्हाला छताला चिकटलेली दिसणार नाही आणि दिव्याखाली किडे टिपत बसलेला सरडा रात्री दहाला दिसणार नाही.

लोक आधी रंग सांगतात. ‘तपकिरी होता, डोकं लाल होतं.’ रंगावर मी सगळ्यात शेवटी विश्वास ठेवते. एकच सरडा सकाळी सातला उन्हात बसतो तेव्हा काळपट असतो, कारण गडद अंगाला ऊब लवकर मिळते. अंग तापलं की तोच वाळूच्या रंगाचा होतो, आणि मेमध्ये मादीपुढे मिरवताना त्याचं डोकं आणि गळा लालबुंद. घरातली पाल दिवसा करडी, अंगावर नागमोडी पट्टे असलेली, आणि रात्री दिव्याखाली अगदी पांढुरकी. रंग पाहून नाव द्यायला गेलं तर एकाच प्राण्याची तीन नावं होतील. आधी पाय बघायचे, मग डोळे, मग खवले.

पाय बघायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. बाहेर अंधार, आत दिवा, आणि काचेच्या पलीकडून पोट आपल्याकडे करून बसलेली पाल. इतक्या जवळून, इतक्या निवांतपणे कुठलाही रानटी प्राणी आपल्याला खालच्या बाजूने पाहू देत नाही. प्रत्येक बोट टोकाकडे रुंद होतं आणि त्या रुंद भागावर आडव्या पट्ट्या असतात. नीट पाहिलं तर प्रत्येक पट्टी मधोमध दुभंगलेली असते, त्यामुळे पट्ट्यांच्या दोन रांगा दिसतात. आपल्या घरांमधल्या सगळ्या पाली ज्या कुळातल्या, त्या हेमिडॅक्टिलसची ही खूण. या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस असतात आणि प्रत्येक केसाला टोकाशी शेकडो फाटे. काचेला चिकटायला डिंक लागत नाही, ओल लागत नाही; रेणूरेणूंमधल्या अगदी क्षीण ओढीवर पाल लटकते, हे केलर ऑटम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2000 ते 2002 या काळात मोजून दाखवलं. पाऊल उचलताना ती आधी बोटांची टोकं वर वळवते आणि मग पाय सोडवते. एवढं समजल्यावर खिडकीवरच्या पालीकडे पाहताना माझा स्वयंपाक बऱ्याचदा करपायला येतो.

घरात दिसते ती ‘पाल’, एवढ्यावर आपण थांबतो. पण महाराष्ट्रातल्या एकाच इमारतीत दोन-तीन जातींच्या पाली सहज सापडतात. मोठी, गुळगुळीत अंगाची, पोटाकडून पिवळसर असेल तर ती हेमिडॅक्टिलस फ्लेविव्हिरिडिस. अंगावर टेंगळं जवळजवळ नाहीतच. जिन्यातल्या दिव्याची मालकी बहुधा हिच्याकडे असते. लहान, सडपातळ, नाकापासून डोळ्यातून मागे जाणारी गडद रेघ आणि शेपटीवर कड्याकड्यांनी बारीक काटे असतील तर ती हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस. ‘चक् चक् चक्’ असा मोठ्याने आवाज करणारी ही. मनात शंकेची पाल चुकचुकते असं म्हणतो, ती चुकचुकणारी बहुतेक वेळा हीच असावी असं मला वाटतं. तिसरी जमिनीलगत, जोत्याच्या फटीत, अंगणातल्या दगडाआड. ठिपकेदार, पाठीवर दाण्यांसारख्या टेंगळांच्या सरळ रांगा असलेली. तिला वर्षानुवर्षं ब्रूकी म्हणत आले. आता कळलंय की खरी ब्रूकी बोर्निओकडची, आणि आपल्याकडच्या या ठिपकेदार पालींमध्ये अनेक वेगवेगळ्या जाती आहेत. आंब्याच्या किंवा चिंचेच्या बुंध्यावर सालीच्या नक्षीत मिसळून गेलेली पाल दिसली तर ती आणखी वेगळी, लेशनॉल्टी. आणि गडावरच्या गुहेत मुक्काम केला असेल, रात्री टॉर्च मारल्यावर छतावर दचकायला लावणारी भलीमोठी ठिपक्याठिपक्यांची पाल दिसली असेल, तर ती बहुधा मॅक्युलेटस. तिला पाहून झोपायची जागा बदलणारे ट्रेकर मी पाहिले आहेत. ती बिचारी कातळावरचे किडे खायला आलेली असते.

शेपटीच्या काट्यांवरून फ्रेनॅटस ओळखायची म्हटलं तर एक अट आहे. शेपटी मूळची हवी. पालीची शेपटी तुटते आणि पुन्हा येते, पण नव्या शेपटीत हाडाऐवजी कूर्चेची नळी असते, वरचे खवले साधे असतात आणि काटे परत येत नाहीत. कुठल्याही पालीच्या फोटोत मी आधी हे बघते, की शेपटी मध्येच एकदम रंग बदलते का, बुंध्याशी खाच आहे का. असेल तर शेपटीचा पुरावा बाद. सरड्याचं तसं नाही. सरड्याची शेपूट तुटली तर तुटली, ती पालीसारखी पुन्हा फुटत नाही.

डोळ्यांवरूनही फरक चटकन कळतो. घरातल्या पालीला पापण्या नाहीत. डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं आणि ते ती जिभेने चाटून पुसते. हे एकदा जवळून पाहावं. जीभ सपाट, गुलाबी, एका फेरीत सगळा डोळा पुसून आत जाते. दिवसा तिची बाहुली उभी चीर होते. सरडा मात्र पापण्या मिटतो, उन्हात एक डोळा मिटून एक उघडाही ठेवतो, आणि दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवू शकतो.

अंड्यांवरूनही पुष्कळदा फोन येतात. घड्याळामागे किंवा स्विचबोर्डाच्या पोकळीत दोन पांढरी, कडक कवचाची, गोलसर अंडी असली तर ती पालीची. ती एका वेळी दोनच घालते. कुंडीची माती बदलताना दहा-बारा किंवा जास्तच, लांबट, मऊ चामड्यासारखी अंडी निघाली की घरात गोंधळ होतो. ‘सापाची आहेत, जाळून टाका.’ बोटाच्या पेराहून लहान असतील आणि भुसभुशीत मातीत, वरवर पुरलेली असतील तर ती जवळपास नक्की सरड्याची.

सरडीला अंडी घालताना मी आमच्या अंगणात पूर्ण पाहिलंय. जूनचा पहिला पाऊस होऊन गेला होता, अबोलीच्या वाफ्यातली माती दबून ओली झालेली. पोट दोन्ही बाजूंनी सुटलेलं, अंगावर फिकट पट्टे. तिने एक जागा उकरली आणि सोडली, दुसरी उकरली आणि सोडली. तिसऱ्या जागी पुढच्या पायांनी खणत ती खांद्यापर्यंत आत गेली, मग वळून मागचा भाग खड्ड्यात सोडला आणि निश्चल बसली. दर थोड्या वेळाने पोटावरून एक लाट जायची. हे संपल्यावर तिने जे केलं त्याने मी थक्क झाले. माती परत ओढली आणि मग तोंडाने ती ठोकून बसवायला लागली. नाकाड वर उचलायचं, खाली आपटायचं, अर्धा पाऊल सरकायचं, परत आपटायचं. तोंड चिखलाने माखलं, डोळे मिटलेले, आणि तिचं काम चालूच. उठून गेली तेव्हा ती जागा शेजारच्या मातीहून वेगळी ओळखता येत नव्हती. त्या वाफ्याला मी कुंपण घातलं. महिना-दीड महिन्यानंतर एका सकाळी अबोलीच्या पानांवर बोटाएवढे सरडे बसलेले होते, डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि कपाळावर आठ्या घातल्यासारखी चर्या.

हा आपला कुंपणावरचा सरडा म्हणजे कॅलोटिस व्हर्सिकलर. दोदँ या फ्रेंच अभ्यासकाने 1802 साली त्याचं वर्णन केलं. भारतभर दिसणारा सरडा एकच, असं त्यानंतर दोनशे वर्षं मानलं गेलं. 2021 मध्ये पुण्या-बंगळुरूच्या तरुण अभ्यासकांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर या सगळ्यांची जनुकं आणि खवले तपासले आणि त्यातून चार वेगवेगळ्या जाती निघाल्या. आपल्या दख्खनचा सरडा व्हर्सिकलरच राहिला. उत्तरेकडच्या, पाकिस्तानातल्या आणि ईशान्येपलीकडच्या सरड्यांची नावं वेगळी झाली. म्हणजे दिल्लीच्या मावशीने पाठवलेला फोटो आणि साताऱ्याच्या कुंपणावरचा फोटो शेजारी ठेवून ‘सेमच आहेत की’ म्हणायची सोय राहिली नाही.

कुंपणावरच्या सरड्याचा पक्का पुरावा हवा असेल तर कानाच्या वर बघायचं. तिथे छोट्या काट्यांचे दोन वेगवेगळे पुंजके असतात. अंगाच्या बाजूचे खवले मागे आणि वर अशा दिशेला टोक केलेले. माथेरान, महाबळेश्वर, आंबोलीच्या दाट झाडीत याचा एक दूरचा भाऊबंद भेटतो, मोनिलेसॉरस रूक्सी. अंगाने बारीक, झाडाच्या बुंध्याला चिकटून बसणारा, खांद्याच्या पुढे कातडीची एक तिरपी घडी असलेला. ती घडी फोटोत आली तर वादच नको. पावसाळ्याच्या सुमारास नराचं डोकं काळंभोर होतं आणि गळा विटकरी. उघड्यावर, शेताच्या बांधावर तो यायचा नाही, त्याला सावलीच लागते. इथेही जागाच आधी बोलते.

हेच परदेशातल्या आपल्या लोकांना सांगावं लागतं. दुबई-मस्कतहून येणारा भिंतीवरच्या पालीचा फोटो पुष्कळदा आपल्या ओळखीच्या पिवळ्या पोटाच्या पालीचाच असतो. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंत तिचा संसार पसरलेला आहे. सिंगापूरला बागेत दिसलेला सरडा आपल्या व्हर्सिकलरचा अगदी जवळचा नातलग असू शकतो, तो तिथे बाहेरून आला आणि उघड्या जागांवर बस्तान बसवून राहिला. पण फ्लोरिडाहून चुलतभाऊ पाठवतो तो ‘गळ्याला लाल पंखा असलेला सरडा’ आपल्यापैकी कुणीच नाही. तो अनोल. तपकिरी अनोल मूळचा क्युबा-बहामासचा. तो आला तेव्हा तिथला मूळचा हिरवा अनोल झाडांच्या वरच्या फांद्यांकडे सरकला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की जेमतेम पंधरा वर्षांत, वीसेक पिढ्यांत, त्या हिरव्या अनोलच्या बोटांवरच्या चिकट गाद्या मोठ्या झाल्या होत्या. वर राहायचं तर पकड चांगली हवी. जागा बदलली की पाय बदलतात, इतक्या लवकर बदलतात.

सापसुरळीबद्दल लिहिताना माझा हात थोडा जड होतो, कारण सगळ्यात जास्त मार हीच खाते. चकचकीत, तेल लावल्यासारखं अंग, मानेशी बारीक न होता डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखी जाडी, आखूड पाय, आणि पाल्यापाचोळ्यातून नागमोडी पळणं. अर्ध्या सेकंदात शेपटी दिसते आणि ‘साप, साप’ म्हणून काठी पडते. मेलेल्या सापसुरळीचा फोटो आणि खाली ‘हा कुठला साप?’ हा मजकूर मला दर पावसाळ्यात येतो. फोटोत चार पाय स्पष्ट दिसत असतात.

ओळखायला ती अवघड नाही. कानाच्या जागी छिद्र दिसतं, सापाला ते नसतं. पापण्या मिटतात, सापाच्या मिटत नाहीत. अंगणात सर्रास दिसणारी मोठी सापसुरळी म्हणजे युट्रोपिस कॅरिनाटा. तिच्या पाठीच्या प्रत्येक खवल्यावर बारीक उभे कंगोरे असतात, पाठीच्या दोन्ही कडांना फिकट पिवळसर रेघ, आणि विणीच्या दिवसांत नराच्या कुशीला शेंदरी छटा चढते. लहान, काशाच्या रंगाची, बाजूला पांढरे ठिपके असलेली ती मॅक्युलारिया. अल्लापल्लेन्सिस नावाची एक सापसुरळी आहे, तिचं नाव आपल्या गडचिरोलीच्या आलापल्लीवरून पडलं. 1926 साली वर्णन झालं तेव्हा तो भाग चांदा जिल्ह्यात होता. आणि पोटाशी घेतलेले इवलेसे पाय, दोरीसारखं अंग आणि लालभडक शेपटी असं काही कुंडीखाली दिसलं तर ते रिओपा कुळातल्या सापसुरळीचं पिल्लू. ‘लाल शेपटी म्हणजे जहाल विषारी’ हे मी गावोगाव ऐकलंय. ती लाल शेपटी हे त्या पिल्लाचं एकमेव संरक्षण आहे. पक्षी झडप घालतो तो चमकणाऱ्या शेपटीवर. शेपटी त्याच्या चोचीत वळवळत राहते आणि पिल्लू पाल्यात शिरतं. माणसाची काठी मात्र डोक्यावर पडते, तिथे या युक्तीचा काही उपयोग होत नाही.

दुधात किंवा भाजीत पाल पडून विषबाधा झाल्याच्या बातम्यांमुळे पालीचंही असंच होतं. पालीच्या अंगात विष नाही. तिच्या अंगावर, विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, म्हणून ते अन्न टाकून द्यायचं, भांडं कडक पाण्याने धुवायचं. एवढंच करायचं. भिंतीवरच्या उरलेल्या पालींमागे फवारे घेऊन धावायचं काही कारण नाही.

एप्रिल-मेमध्ये मी शक्य तेव्हा चाळकेवाडीला जाते. सज्जनगडावरून ठोसेघर, आणि पुढे पठार. वारा सतत, पवनचक्क्यांची पाती फिरतायत, गवत वाळून पिवळं, मध्ये काळे-तांबडे दगड. पहिल्यांदा आलेली माणसं गवतात शोधत राहतात. तिथे म्हशी चारणाऱ्या एका मामांनी माझं काम सोपं केलं. ‘गळ्याचा सरडा बघाया आलाय न्हवं ताई? खाली नका हुडकू. धोंड्याच्या टोकावर बघा, सगळ्यात उंच धोंडा कोंचा ते बघा.’ खरंच, प्रत्येक जरा उंच दगडाच्या टोकावर एक नर. बाजूने पाहिला तर धुळकट तपकिरी, दगडाचाच तुकडा. आणि मग तो पुढच्या पायांवर उठतो, मान वर करतो, गळ्याखालची कातडी उघडतो: झगझगीत निळा, त्याला लागून काळा, त्याला लागून नारिंगी. पोटाच्या जवळजवळ मध्यापर्यंत पसरलेला. उघडला, मिटला, उघडला, मिटला. समोरच्या दगडावरून दुसऱ्याने उत्तर दिलं. मध्येच एक जण खाली उतरून मागच्या दोन पायांवर उभा राहून शेजाऱ्याच्या अंगावर धावला. मादी जवळच असते, ठिपकेदार, गळा साधा, आणि नजर सरावली नसेल तर ती दिसतच नाही.

या सरड्यांना बरीच वर्षं सिताना कुळात धरलं जायचं. दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दख्खनभरचे गळ्याचे सरडे तपासले आणि मोठा रंगीत गळा असलेल्यांना वेगळं कुळ दिलं. त्या कुळाचं शास्त्रीय नाव त्यांनी ठेवलं ‘सारडा’, आपल्या मराठी सरड्यावरून. चाळकेवाडीचा तो सारडा सुपर्बा. जगात कुठेही त्याच्यावर लिहायचं असलं तरी हे नाव लिहावं लागतं, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. खाली माळरानांवर, शेतांच्या कडेला जो गळ्याचा सरडा दिसतो तो बहुतेक सिताना. त्याचा गळा लहान, पांढुरका, फार तर एखादा निळा पट्टा. दोघांची एक पक्की खूण सारखी आहे. मागच्या पायाला चारच बोटं. कुंपणावरच्या सरड्याला पाच. विणीचा हंगाम संपला, गळा मिटला, रंग गेला, तरी ती बोटं कुठे जात नाहीत.

याच पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग त्यांनी ताडून पाहिला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. साहजिकच तिथे सरडे जास्त. इथपर्यंत कुणालाही सरड्यांचं भलं झालं असंच वाटेल. पण त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं, माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते, अंगाने ते खालावलेले होते, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके होते. वरून झडप घालणारं कुणी उरलं नाही, म्हणून भीती गेली. गर्दी वाढली, म्हणून खाणं कमी पडलं. आणि हे सगळं शेवटी त्या निळ्या-नारिंगी गळ्यावर उमटलं. मी तो अभ्यास वाचून पठारावर गेले तेव्हा नुसती मान वर करून पात्यांकडे आणि खाली करून दगडांकडे बघत राहिले. वाऱ्यावर वीज तयार व्हावी याला माझा विरोध नाही. पण ‘पडीक पठार’ असं ज्या कागदांवर लिहिलं जातं, ते लिहिणाऱ्याने मे महिन्यातली एक सकाळ त्या दगडांमध्ये बसून काढावी असं मला फार वाटतं.

आणि कॅमेरे घेऊन येणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. त्या नराचे विणीचे दिवस मोजके असतात आणि एक दगड टिकवण्यासाठी तो सगळी ताकद लावतो. उघडलेला गळा टिपायचा म्हणून चार-चार जण त्याला एका दगडावरून दुसऱ्या दगडावर हाकलतात, गाड्या थेट गवतात घालतात, त्याच गवताच्या बुडाशी मादी अंडी घालणार असते. लांब बसून राहिलं की तो आपणहून गळा उघडतो. त्याला कुणी उठवावं लागत नाही.

दगडांबद्दल मी याहून हट्टी आहे, आणि त्याचं कारण कोकणात आहे. रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जांभ्याच्या सुट्या दगडांखाली एक पाल राहते, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. गडद तपकिरी अंग, त्यावर पांढरट रेघा, शेपटीवर पांढरे पट्टे. 1963 साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी डोर्ले गावच्या सड्यावरून तिचं वर्णन केलं. ती घरातल्या पालीच्या कुळातली आहे हे जनुकं तपासल्यावर, 2008 मध्ये नक्की झालं. त्याआधी तिला वेगळ्याच कुळात ठेवलं होतं. ते समजण्यासारखंच होतं, कारण ही भिंत चढणारी पाल नाही. जमिनीवर राहते, दगडाखाली दिवस काढते आणि रात्री बाहेर पडते. 2008 मध्येच साताऱ्याच्या पठारांवरून तिच्यासारखीच एक जमिनीवरची पाल नोंदली गेली, तिचं नाव साताराएन्सिस.

या पालींचं जग म्हणजे तो दगड. खाली थोडी ओल, थोडा गारवा, वाळव्या आणि किडे. बाहेर मेमध्ये कातळावर हात ठेवता येत नाही. दगड उलटून पाहिला आणि तसाच टाकून दिला तर एका दुपारी ते घर संपतं. आता तर सडेच्या सडे फोडून हापूसच्या बागा होतात, चिऱ्यांच्या खाणी निघतात. त्याच कातळांवरच्या कातळशिल्पांसाठी आता निदान आवाज उठतो. शिल्पाच्या शेजारच्या दगडाखाली काय आहे, हे बघायला कुणी वाकत नाही. म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्या मुलांना पहिल्यांदा हेच शिकवते: दगड स्वतःकडे उचलायचा, बघायचं, आणि त्याच खाचेत, त्याच बाजूने, हळू परत ठेवायचा. प्राणी बाहेर आला असेल तर आधी दगड ठेवायचा, मग त्याला कडेने आत जाऊ द्यायचं.

नाव किती पुढेपर्यंत न्यायचं, हेही शिकावं लागतं. घाटातल्या गडांच्या पायऱ्यांवर, सावलीतल्या ओल्या कातळावर भरदिवसा एक इवलीशी पाल दिसते. बाहुली गोल, बोटं सडपातळ आणि नखं असलेली, घरातल्या पालीसारख्या गाद्या नाहीत. ही निमास्पिस. गेल्या वीस वर्षांत सह्याद्रीतून या कुळातल्या एकामागून एक नव्या जाती नोंदल्या गेल्या: 2009 मध्ये कोल्हापुरेन्सिस, 2014 मध्ये कासच्या पठारावरून गिरी, वरद गिरींच्या नावाने. मग आंबोलीवरून आंबोलिएन्सिस. दऱ्या मध्ये आल्या की या पाली पलीकडच्या डोंगरावर जात नाहीत, त्यामुळे डोंगर बदलला की जात बदललेली असू शकते. अशा वेळी फोटोवरून जातीचं नाव ठोकून देणं मला पटत नाही. मी ‘निमास्पिस’ एवढंच लिहिते, पुढे गडाचं नाव, उंची, महिना, वेळ आणि कातळ ओला होता की कोरडा. फोटो एक वरून, एक बाजूने कान आणि बाहुली स्पष्ट दिसेल असा, आणि जमलं तर बोटांचा. नराच्या मांड्यांखालच्या छिद्रांची रांग बघितल्याशिवाय पुष्कळदा पुढे जाता येत नाही, आणि त्यासाठी पाल हातात धरावी लागते. ते काम परवानगी घेऊन अभ्यास करणाऱ्यांचं.

यंदा पाऊस पडायच्या आत कोयनेच्या बाजूच्या दोन गडांवर जायचं ठरलंय. दोन्हींच्या मध्ये एकच खोल दरी आहे. दोन्हीकडच्या पायऱ्यांवर निमास्पिस आहे, हे तिकडच्या वाटाड्यांकडून कळलंय. ‘सकाळी नऊच्या आत या ताई, नंतर उन्हाला ती आत जाती,’ असा निरोप आलाय.